उजव्या पायाचा मोजा

सूर नावाच्या गावात मी कपडे धुतो.
गाण्याशी संबंध नाही. ओमानचा किनारा आहे,
लाकडी गलबतं, एक दीपगृह,
आणि एक फुटबॉल क्लब,
ज्याच्या सव्वीस जर्स्या रोज रात्री माझ्या हातून जातात.

हरल्याचा घाम साबणाला दाद देत नाही.
हे मला लहानपणीच कळलं, कोल्हापुरात,
तालमीच्या मागच्या नळावर.
तिथं सख्ख्या साडवांनी एका गोलवरून
बारशाला जाणं टाकलेलं मी पाहिलंय.
त्यामुळं इथं आलो तेव्हा फारसं परकं वाटलं नाही.

मे महिन्यात खल्फान गेले.
गेले म्हणजे तसे नव्हे. घरी गेले.
एकवीस वर्षं कोच,
त्याआधी याच मैदानावर, मैदान नुसती रेती होती तेव्हा,
अनवाणी सेंटर हाफ.
शिट्टी कधी वापरली नाही. दोन बोटं तोंडात,
की अकरा माना एकदम वळायच्या,
गल्लीतली कुत्रीसुद्धा.
शेवटच्या दिवशी भाषण नको म्हणाले.
भरतकामाची टोपी खिळ्याला अडकवली,
मला हिंदीत म्हणाले, 'मशीन का पानी बंद करना.'
(हिंदी वडिलांची. ते गलबतावर होते,
मंगळूरची कौलं आणायचे.)

टोपी तिथंच आहे.
मी दर गुरुवारी ती धुतो. मला कुणी सांगितलेलं नाही.

जूनमध्ये जुहैर आला. ट्युनिशियाचा, स्फाक्सचा,
चाळिशीचा, अंगानं काटकुळा.
त्याची अरबी ऐकून पोरं बाहीत तोंड घालून हसतात.
त्यानं सरावानंतरचा हलवा बंद केला,
पोरांच्या छातीला यंत्राचे पट्टे बांधले,
कोण किती पळालं ते भिंतीवर लागतं.
हमूद गोलकीपर. त्याचा आकडा रोज सर्वांत लहान,
रोज तो कागदाशी भांडतो.

चार सामने हरलो.
पाचव्यात बरोबरी होती, सत्तरावं मिनिट,
दमट हवेत दिव्यांभोवती किड्यांचे ढग,
आणि स्टँडमधून कुणा पोरट्यानं
दोन बोटं तोंडात घालून शीळ मारली.

अकरा माना वळल्या.

बॉल कुठं गेला ते हमूदलाच कळलं नाही.
मी बादलीपाशी उभा. माझीही मान वळलेली.

त्या रात्री जुहैर धुण्याच्या खोलीत आला.
मला वाटलं, आता टोपी काढायला सांगणार.
मी आधीच मनात भांडण जुळवत होतो,
पेठेतल्या शिव्यांना अरबी सापडत नव्हती.
तो मशीनवर बसला. बराच वेळ
फिरणारे कपडे बघत राहिला.
दोरीवर टोपी ओली होती. बोटानं शिवण चाचपली,
म्हणाला, 'ही हातानं धुतोस ना?
मशीननं टाके उसवतात.'
हो म्हणालो.
मग विचारलं, 'बद्रला ओरडलेलं चालतं का?'
नाही म्हणालो. बद्रला नाही. हमूदला लागतं.
त्यानं कुठं लिहून घेतलं नाही.

काल एक गोल झाला, आमच्या बाजूनं.
जिंकलो म्हणायला तेवढं पुरतं.
हमूद आठवडाभर शिव्या खाऊन खूष होता.

रात्री खल्फानचा फोन.
मागं शेळ्या. टीव्हीचा आवाज बारीक केलेला.
'बायको झोपलीय,' म्हणाले, आणि गप्प.
मग: 'तो सहा नंबर. नवीन पोरगा.'
हां.
'उजवा मोजा सारखा खाली येतो. वर ओढायला वाकतो,
तेवढ्यात त्याचा माणूस सुटतो.
सांग जुहैरला—'

मी वाट पाहिली. मशीन शेवटच्या फेऱ्यात थडथडत होतं.

'नको. नको सांगू.
बघेल तो.'

फोन ठेवून सहा नंबरचे मोजे शोधले.
उजव्याचं इलॅस्टिक गेलेलं.
सुईदोरा काढला,
आणि टाका घालू की नको,
हे ठरेना.